सतरा नंबरचा पंच

स्वराज शेटनी मला केबिनमध्ये खुर्ची दिली तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. साडेचार वर्षांत त्या केबिनमध्ये मी कायम उभीच राहिले होते. त्या गुरुवारी मात्र "बस संजना, चहा घे" आणि वर बिस्किटंसुद्धा. टेबलावर एक छापील कागद आणि त्यावर आडवं पेन. खिडकीपाशी खंडेरावकाका पाठमोरे उभे होते आणि बाहेर बघण्यासारखं काही नसताना बाहेर बघत होते.

"कसारा घाटात गाडी आडवी झाली ना, तिची फ्रेम आपली निघाली," शेट म्हणाले. "लॅबमध्ये पाठवलीय. तुटलीय तिथे नंबर सतरा आहे."

सतरा नंबर म्हणजे मी.

आमचं वर्कशॉप अंबडच्या एमआयडीसीत. द्राक्षं नेणाऱ्या कूलिंग व्हॅन असतात, त्यांच्या ॲल्युमिनियमच्या फ्रेम आम्ही बनवतो. खाली गाडीची चेसिस, वर थंड डबा आणि दोघांच्या मधे ही फ्रेम. पिंपळगावहून माल भरून गाडी बंदराकडे निघाली की सगळा भार हिच्यावर. फ्रेमचे सांधे मी वेल्ड करते आणि केलेल्या कामावर स्वतःचा नंबर ठोकते. त्यासाठी बोटाएवढा पोलादी पंच असतो, त्याच्या टोकाला गोल कड्यात १७. हातोडीचा एक ठोका दिला की नंबर धातूत कायमचा. उद्या काही झालं तर काम कोणाचं हे शोधत बसायला नको, म्हणून ही पद्धत. आता झालं होतं. डबा कलला, गाडी उलटली आणि नवनाथ गांगुर्डे नावाच्या ड्रायव्हरचा पाय मांडीत मोडला.

मी कागद वाचला. वेल्डिंग करताना माझ्याकडून हलगर्जी झाली हे मी मान्य करते, असं त्यावर होतं. खाली माझं पूर्ण नाव टाइप करून तयार, संजना मिलिंद पगारे.

"सही केलीस की विषय संपला," शेट म्हणाले. "फार तर सहा महिने सर्टिफिकेट थांबेल. तोवर कटिंगला बस. नोकरीला धक्का नाही, माझा शब्द."

"आणि माझी चूक नसेलच तर?"

"नंबर तुझाच आहे ना?"

मी काकांकडे पाहिलं. मला वाटलं, आता हे वळतील आणि शेटना असं झापतील की चहा घशात अडकेल. शेटच्या वडिलांना त्यांनी भर शॉपमध्ये झापलेलं आम्ही ऐकून होतो. काका वळले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "कर पोरी सही. हात चुकतो कवातरी."

मला भरून आलं, पण त्याआधी राग आला. माझ्या बाबतीत तो नेहमी आधी येतो. मी कप ठेवला आणि म्हणाले, "मी तुकडा बघितल्याशिवाय सही करणार नाही."

"सोमवारी अकराला तपासणीचे साहेब येतायत," शेट म्हणाले. "तोवर काय बघायचं ते बघ."

खंडेराव कातकाडे हे माझे कोण, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आयटीआय करून मी इथे लागले तेव्हा मला रंगकामाला लावलं होतं. पोरगी आहे, ब्रश धरेल, असा हिशोब. एक दिवस मी जेवणाच्या सुट्टीत भंगारातल्या पट्टीवर चोरून वेल्डिंगची टॉर्च चालवत होते. काका मागे येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता गेली नोकरी. ते म्हणाले, "लोखंडावानी नको करू. लोखंड लाल होऊन सांगतं, हे काय सांगत नाय. हे गप बसतं आन एकदम वितळून खाली पडतं. चमक बघ, आरशावानी झाली की मग फिलरची कांडी दे."

तिथून दीड वर्ष. शॉपमध्ये सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे, मी काका म्हणायचे. त्यांनी माझ्याकडून भंगाराचे किती ढीग जोडून घेतले त्याला गणती नाही. वेल्डिंगची जी खवल्याखवल्यांची रेघ उमटते तिला बीड म्हणतात. बीड संपवताना एकदम हात काढला की शेवटी खळगा राहतो. काकांची युक्ती अशी, की शेवटी दोन खवले मागे यायचं, थेंबभर फिलर द्यायचा आणि मगच आर्क, म्हणजे टॉर्चचा जाळ, तोडायचा. मला ते काही केल्या जमेना. चुकलं की मनगटावर टपली. जमलं तेव्हा त्यांनी आख्ख्या शॉपला माझी पट्टी दाखवली आणि त्यांच्या बायकोने, धोंडाबाईकाकूंनी, दिलेला डब्यातला लाडू मला दिला.

मी रोज विचारायचे, परीक्षेला कधी बसू? वेल्डरला नंबर मिळायला बाहेरच्या साहेबांपुढे परीक्षा द्यावी लागते आणि मग दर दोन वर्षांनी पुन्हा. काका म्हणायचे, अजून सहा महिने थांब, तयार नाहीस. मग फेब्रुवारीत एक दिवस अचानक म्हणाले, "परवा साहेब येतायत. बस परीक्षेला." मी इतकी खूश झाले. म्हटलं, चला, काकांचा आपल्यावर विश्वास बसला.

मी पास झाले. दुसऱ्याच दिवशी ते मला भांडी बाजारात पुंजाभाऊंकडे पंच बनवायला घेऊन गेले. वेळ लागणार होता, तर मला म्हणाले, जा, भेळ खाऊन ये. सकाळी शॉपमध्ये पंचाला हार घातला, नारळ फोडला. आमच्या घरी नारळबिरळ फोडत नाहीत, पण मी काही बोलले नाही, माणूस प्रेमाने करतोय म्हटल्यावर. मग त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "माझा तीन नंबर आता पेटीत. हितून पुढं ही वेल्ड करंल, म्या नुसतं बघीन." माझ्यासाठी या माणसाने आपली जागा सोडली, हे मी आईला सांगताना रडले होते.

गुरुवारी केबिनमधून निघाले ती थेट सिव्हिलला गेले, नवनाथला बघायला. सुरगाण्याकडचा माणूस, तिशीतला, पायाला वजन टांगलेलं. मी फ्रेमवाली आहे म्हटल्यावर तो उठून बसायला बघत होता.

"ताई, आठ दिस कर्र कर्र वाजत होतं खालून," तो म्हणाला. "मी म्हनलं, डबाच असंल. मीच बघाय पाहिजे होतं."

तो स्वतःलाच दोष देत होता. मला तिथे उभं राहवेना. हे माझ्या हाताने झालं असेल, तर नुसतं सर्टिफिकेट थांबून काय होणार होतं? मी पुन्हा टॉर्चला हात लावणार नव्हते, हे मी जिना उतरताना ठरवूनच टाकलं.

शुक्रवारी सातपूरच्या लॅबमध्ये गेले. वेदिका मॅडम तिथल्या इंजिनियर, माझ्याच वयाच्या. त्यांनी तुटलेला भाग टेबलावर ठेवला आणि भिंग माझ्या हातात दिलं.

"तुटलेल्या तोंडावर काय दिसतं?"

कांदा आडवा चिरल्यावर दिसतात तशी वर्तुळं होती, एकात एक, कडेपासून आत पसरत गेलेली.

"एका दिवसात तुटलेलं नाही हे," मॅडम म्हणाल्या. "लोखंडाचं बरं असतं. एका मर्यादेच्या आतले धक्के कितीही दिले तरी ते सोसतं. ॲल्युमिनियमला तशी मर्यादाच नाही. खड्डा छोटा असो की मोठा, प्रत्येक धक्का त्याला लागतोच. रोज केसभरसुद्धा नाही, पण भेग पुढे सरकते. दहा महिने सरकत होती. आता बघा, पहिलं वर्तुळ कुठे आहे."

मी भिंग सरकवलं. पहिलं वर्तुळ, अगदी मसुराच्या दाण्याएवढं, बीडमध्ये नव्हतंच. बीडच्या काठाला लागून सतरा नंबर ठोकलेला होता आणि त्यातल्या सातच्या पायापाशी ते सुरू झालं होतं.

"वेल्डच्या कडेची बोटभर पट्टी उष्णतेने मऊ पडते," मॅडम म्हणाल्या. "ताकद जवळजवळ निम्मी होते. तिथेच पंच ठोकला म्हणजे भेगेला सुरुवात करून दिली. बीड उत्तम आहे. ज्याने केलंय त्याचा हात पक्का आहे. पण नंबर तिथे कसा ठोकलात? दीड वर्षापूर्वी नोटीस गेली होती ना तुमच्याकडे?"

गेली होती. वेल्डजवळ पंच मारू नका, फ्रेमवर नंबराची वेगळी पट्टी असते तिच्यावरच मारा, अशी नोटीस. त्या दिवसापासून मी एकदाही बीडजवळ पंच लावलेला नाही. उलट, तोवर बनलेल्या सगळ्या फ्रेम परत बोलावून त्यांवरचे सतरा नंबर मी आठवडाभर उन्हात बसून घासून गुळगुळीत केले होते. काका बाजूला उभे राहून हसत होते. "इंजिनियर लोकान्ला काय कळतंय," म्हणायचे. "नंबर कसा बीडला बिलगून पायजे. लांब मारला तर उद्या कोनीबी म्हनंल माझा नाय."

बीडला बिलगून. मी पुन्हा भिंगातून पाहिलं. बीडच्या टोकाला दोन खवले मागे आलेले होते. पण ते तर माझ्याही बीडला असतात, त्यामुळे नुसत्या बीडवरून मलासुद्धा सांगता आलं नसतं.

"फ्रेमचा नंबर काय आहे?" मी विचारलं.

मॅडमनी पट्टी पुसली. आमच्या फ्रेमच्या नंबरात शेवटी तारीख असते. "एक-चार-शून्य-चार," त्या वाचत म्हणाल्या.

मला हसूच आलं, आणि मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. चौदा एप्रिलला मी आणि कामावर! त्या दिवशी ताप असला तरी मी घरात थांबत नाही. जयंतीला नाशिकरोडच्या मिरवणुकीत आमचं लेझीम असतं, पांढऱ्या साडीत मी पहिल्या रांगेत, आणि आई फुटपाथवरून ओरडत असते की पाणी पी. वर्षाचे बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस सोडून ज्याने माझा नंबर नेमका त्याच दिवशी ठोकला, त्याने एवढासुद्धा विचार केला नव्हता. माझा पंच तर माझ्या डब्याच्या पिशवीत असतो. रोज घरी येतो, त्या दिवशीही घरीच होता.

म्हणजे दुसरा पंच होता. आणि नोटीस धाब्यावर बसवून बीडला बिलगून नंबर मारणारा माणूस आमच्या शॉपमध्ये एकच होता.

शनिवारी अंबडला सुट्टी असते. मी सिडकोत काकांच्या घरी गेले. धोंडाबाईकाकूंनी दार उघडलं, "आली का आपली पोर" म्हणाल्या आणि पोहे टाकायला आत गेल्या. काका खाटेवर बसले होते. उशाशी डोळ्यांत टाकायच्या थेंबांची बाटली होती.

"चौदा एप्रिल," मी म्हणाले.

त्यांनी विचारलंसुद्धा नाही काय म्हणून. गुडघे चोळू लागले.

"बीड फाटला नाय ना?" त्यांनी विचारलं.

"नाही फाटला. नंबराने फाडली फ्रेम. माझ्या नंबराने."

मग ते बोलले. डोळ्यांना वर्षभरापासून मोतीबिंदू. एप्रिलमध्ये द्राक्षांच्या शेवटच्या गाड्या निघायच्या होत्या, शेटनी घाई केली, मी सुट्टीवर. त्यांचा तीन नंबर चालू नव्हता. म्हणून पुंजाभाऊंकडून सतराचा आणखी एक पंच करून घेतला आणि ती एक फ्रेम त्यांनी केली. "एकच, पोरी. तुझ्या गळ्याशपथ एकच. त्या दिवसापास्नं हात लावला नाय. आता हे भाईर गेलं तर चाळीस वर्साची इज्जत मातीत. गावात लोक उस्ताद म्हनत्यात मला. तुझं काय, तू तरणी हायेस, सहा म्हयन्यात परत उभी राहशील."

"मला केबिनमध्ये सांगायचं होतंत. तिथे तोंड फिरवून उभे राहिलात."

"तोंड दाखवायला जागा कुठं होती?"

आणि ते रडले. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. काकू पोह्यांच्या बशा घेऊन दारातच थांबल्या. माझा सगळा राग कुठच्या कुठे गेला. मला वाटलं, एक दिवस, एक फ्रेम, एक चूक. या माणसाने मला हातात टॉर्च दिली, त्याच्यासाठी सहा महिने कटिंगला बसणं काय मोठं आहे? नवनाथचा विचार आला, पण काकांना घालवून त्याचा पाय थोडाच सांधणार होता. मी पोहे खाल्ले. निघताना म्हणाले, "करते सही." काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी मूर्ख, मला बरं वाटलं.

एकच गोष्ट मला सहन होणार नव्हती. सर्टिफिकेट थांबलं की शेट माझा पंच जमा करून कपाटात टाकणार. कोणी हिसकावून घेण्याआधी मीच त्यावरचा नंबर घासून टाकते, असं मी ठरवलं. घासायला आमच्याच शॉपमध्ये ग्राइंडर आहे, पण तिथे सगळ्यांसमोर मला ते करवलं नसतं. म्हणून रविवारी सकाळी कामाला दांडी मारून भांडी बाजारात गेले.

पुंजाभाऊंचं दुकान म्हणजे दोन दुकानांमधली फट. लग्नाच्या भांड्यांवर नावं घालतात आणि कारखान्यांचे पंच करतात. माझा पंच त्यांनी डोळ्यांजवळ धरला, अंगठ्याने कडं चाचपलं.

"घासून टाक म्हणतेस? बरं. मग ह्याची जोडी पण आणायची ना. एक घासायचा न् एक ठेवायचा, त्याला काय अर्थ?"

"तो एप्रिलमध्ये केला ना तुम्ही? काकांनी सांगितलं मला."

"कुठला एप्रिल?" पुंजाभाऊ म्हणाले. "एका सळईचे दोन तुकडे आहेत हे. तू भेळ खायला गेलीस तेव्हा खंडेराव म्हणाला, दोन कर, एक पोरीला आणि एक मला. आमची ही तेव्हा होती, तिनेच तुम्हाला चहा दिला. तीन वर्षं झाली की."

मी तिथे पायरीवर बसले. पुंजाभाऊंना वाटलं चक्कर आली, त्यांनी पाणी दिलं.

तीन वर्षं. मी भेळेत कांदा जास्त घाल म्हणून सांगत होते, तेव्हा. दुसऱ्या दिवशी हार घातला आणि नारळ फोडला, तेव्हा दुसरा पंच त्यांच्या खिशात होता. म्हणजे एक फ्रेम नव्हती. तीन वर्षांतले सगळे शनिवार. शनिवारी काका शॉपमध्ये येतात हे सगळ्यांना माहीत होतं, पण ते म्हणायचे कटिंग करतो, साफसफाई करतो. रविवारी सकाळी आम्ही येईपर्यंत एखादी फ्रेम डबा बसवणाऱ्या पॅनेलवाल्यांकडे रवाना झालेली असायची. नोटीस आली तेव्हा उन्हात बसून मी नंबर घासत होते ना, तेव्हा मला वाटलं होतं, बापरे, एवढं काम केलं आपण! आणि कौतुकाने मी ते काकांनाच सांगितलं होतं. ते हसले होते. ते कशाला हसत होते हे मला भांडी बाजारात पाण्याचा ग्लास हातात धरून कळलं.

आणि नोटिशीनंतरच्या फ्रेम? त्या कोणी घासल्या नव्हत्या. बीडला बिलगून सतरा नंबर घेऊन त्या या क्षणी घाट चढत-उतरत होत्या. माझ्या गळ्याची शपथ घेऊन सांगितलं होतं, एकच.

"घासू का मग?" पुंजाभाऊंनी विचारलं.

"नको," मी म्हणाले. "उद्या लागणार आहे."

सोमवारी अकराला केबिनमध्ये चौघं होते. तपासणीचे साहेब, वेदिका मॅडम, शेट आणि खिडकीपाशी काका. कागद आणि पेन आधीच्याच जागी. मी बसले नाही. पिशवीतून पंच काढला आणि कागदावर ठेवला.

"काका, तुमचा काढा."

"संजना, काय चाललंय?" शेट म्हणाले.

"यांच्याकडे अजून एक सतरा आहे. मी पास झाले त्याच्या दुसऱ्याच दिवशी बनवलेला. पुंजाभाऊंना बोलावू का?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. शनिवारी ज्या डोळ्यांना पाणी आलं होतं त्याच डोळ्यांनी. मग त्यांनी पँटच्या खिशात हात घातला. तंबाखूच्या पिशवीबरोबर पंच बाहेर आला. त्यांनी तो माझ्या पंचाशेजारी ठेवला. दोन्ही इतके सारखे होते, की नंतर साहेबांनी उचलले तेव्हा माझा कोणता हे मला सांगता आलं नाही.

"मला यातलं काही माहीत नव्हतं," शेट ताबडतोब म्हणाले. शनिवारी शॉपची किल्ली कोणाकडे असते हे साहेबांनी विचारल्यावर मात्र ते पेनाचं टोपण लावत-काढत बसले.

साहेबांनी वही उघडली. "कातकाडे, नंबर तीन. तुम्ही तर सोडला नव्हता. परीक्षेत नापास झालात म्हणून रद्द झाला. तीन फेब्रुवारी." त्यांनी पान उलटलं. "आणि पगारे, नंबर सतरा, सव्वीस फेब्रुवारी. त्याच वर्षी."

तेवीस दिवस. अजून सहा महिने थांब म्हणणारा माणूस अचानक म्हणाला होता, बस परीक्षेला.

"अशा फ्रेम किती आहेत?" मॅडमनी काकांना विचारलं. ते म्हणाले, मोजल्या नाहीत. मग दुपारपर्यंत बसून मी फ्रेमच्या नंबरांवरून शनिवारच्या तारखा काढल्या, आणि त्यात दोन्ही वर्षांच्या माझ्या सुट्ट्या धरल्या. नोटिशीनंतरच्या सव्वीस निघाल्या. त्याच संध्याकाळी सव्वीस गाड्या जिथे होत्या तिथे थांबवल्या. त्यातल्या नऊ फ्रेममध्ये सातच्या पायापाशी भेग सुरू झालेली होती.

काका गेटपाशी स्कूटरला पिशवी अडकवत होते. मी जाणार नव्हते, पण पाय गेलेच.

"पोरी, एवढं करायला नको होतं," ते म्हणाले. "म्या तुला शिकवलं. त्यात तर कायबी खोटं नव्हतं ना?"

"मला एकच सांगा. परीक्षेला बसवलंत तेव्हा मी तयार होते का?"

त्यांनी किल्ली लावली, पुन्हा काढली.

"नव्हतीस," ते म्हणाले. "लय भ्या वाटत होतं मला, तू नापास होतीस का काय म्हनून."

त्या दिवशी परीक्षेच्या खोलीबाहेर ते येरझाऱ्या घालत होते. हातातली टोपी पिळून पिळून तिची वात केली होती. मी ते सगळं माझ्यासाठी समजले होते, आणि तीन वर्षं ज्याला त्याला सांगत होते की बाप असावा तर असा. ते गेले.

माझं सर्टिफिकेट राहिलं. सतरा नंबर मात्र मी परत केला आणि नवा घेतला, एकवीस. पुंजाभाऊंकडे पंच होईपर्यंत तिथेच उभी राहिले, भेळ खायला गेले नाही.

त्याच आठवड्यात नव्या फ्रेमचं काम सुरू झालं. मी हेल्मेट खाली ओढलं, आर्क लावला. धातू आरशासारखा चमकला, मी फिलर दिला. मनात नुसती चीड होती. ठरवून आले होते, की आता त्यांचं काही म्हणून करायचं नाही. बीड शेवटाला आला आणि हात आपोआप दोन खवले मागे गेला, थेंबभर फिलर दिला आणि मगच आर्क तुटला. मी थांबवू शकले नाही, आणि थांबवलं असतं तर सांधा कच्चा राहिला असता. शेजारचा माणूस हाक मारत होता, संजना, झालं का? झालं होतं. मी हेल्मेट वर केलं नाही.